बालकाची खेळणी आणि गृहस्थाचा अपरिग्रह

‘अपरिग्रह’ हा शब्द कानी पडताच सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे निर्जन अरण्य, मृगाजिन आणि एकांतात बसलेला योगी उभा राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात हा शब्द योग्याच्याच वर्णनात आला आहे, हे खरे. म्हणून हा गुण संन्याशाने पाळावा, मुलाबाळांच्या घरात त्याचे काय काम, असे मनाशी म्हणून वाचक पुढच्या श्लोकाकडे वळतो. परंतु ज्याला हा उपदेश झाला तो अर्जुन स्वतः गृहस्थ होता, पुत्रवान होता. यापेक्षा भिक्षा मागून राहणे बरे, असे त्याने म्हटले तेव्हा भगवंतांनी त्याच्या हाती भिक्षापात्र दिले नाही. त्याचे कर्तव्यच त्याला दाखविले. तेव्हा गृहस्थालाही लागू पडेल अशी अपरिग्रहाची काही रीत असलीच पाहिजे. ती शोधण्यासाठी अरण्यात जाण्याचे कारण नाही. घरात मुलांची खेळणी ज्या कोपऱ्यात पडलेली असतात, तो कोपरा या अभ्यासाला पुरेसा आहे.

घरोघरीचे चित्र

एका मध्यम स्थितीच्या घराची कल्पना करावी. वडील कचेरीतून उशिरा परततात, आई शाळेत शिकविते, घरात वृद्ध आजी आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. घर दोन खोल्यांचे. परंतु खाटेखाली, कपाटावर आणि गच्चीच्या दाराशी खेळण्यांचे ढीग आहेत. किल्ली हरवलेल्या मोटारी, निम्मे रूळ नाहीसे झालेली आगगाडी, तीन संचांतले एकमेकांत मिसळून गेलेले ठोकळे, एका हाताच्या बाहुल्या, कापसाची अस्वले. दिवेलागणीच्या वेळी आजी देवापाशी निघते आणि तिचा अनवाणी पाय ठोकळ्यावर पडतो. आई ओरडते, मुलगा रडतो, मुलगी म्हणते, “ते माझं नाही, त्याचं आहे.” दिवा लागतो, पण प्रार्थनेची वेळ भांडणात जाते. आणि रविवारी सकाळी दोन्ही मुले येऊन म्हणतात, “खेळायला काहीच नाही!”

आईवडिलांना या वाक्याचे हसू येते, क्वचित रागही येतो. परंतु मुले खोटे बोलत नसतात. वस्तू पुष्कळ असल्या की मन कोणत्याही एका वस्तूत उतरत नाही. एक उचलावी तो दुसरी खुणावते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना त्यांनी एका वेळी ४ आणि दुसऱ्या वेळी १६ खेळणी देऊन त्यांचा खेळ पाहिला. खेळणी थोडी असताना मुले एकेका खेळण्यात अधिक वेळ रमली आणि त्याच वस्तूशी अधिक परींनी खेळली. गीतेने दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४१) निश्चय नसलेल्यांची बुद्धी अनंत शाखांची असते असे सांगितले आहे. तो विचार मोक्षमार्गाचा आहे. परंतु मनाचा स्वभाव मोठ्यांच्या साधनेत आणि लहानांच्या खेळात निराळा नसतो.

परिग्रह शब्दाचा अर्थ

‘ग्रह्’ म्हणजे घेणे, धरणे. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी. चोहोंकडून कवटाळून धरणे तो परिग्रह. संस्कृत कोशांत याच शब्दाचा अर्थ पत्नी आणि परिवार असाही दिला आहे. गृहस्थाला परिग्रह अगदीच टाळता यावयाचा नाही, हे भाषेनेच जणू मान्य केले आहे. घर म्हटले की माणसे आली, माणसांबरोबर वस्तू आल्या. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर गृहस्थाश्रमी ब्राह्मणाने धान्याचा संग्रह किती ठेवावा याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि उद्याचीही तरतूद न करणारा सर्वांत श्रेष्ठ मानला आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात नारदांनी युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना मर्यादा अधिक कठोर केली आहे: पोट भरण्यापुरतेच मनुष्याचे स्वतःचे, त्याहून अधिकावर जो मालकी सांगतो तो चोर होय.

तेव्हा शास्त्राचा प्रश्न ‘वस्तू आहे की नाही’ एवढाच नाही. वस्तू कशासाठी आहे, किती आहे आणि तिला धरून कोण बसले आहे, हा खरा प्रश्न आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात (श्लोक २१) सर्व परिग्रह सोडलेल्या पुरुषाचे वर्णन आहे, आणि तो पुरुष त्याच श्लोकात कर्म करीत आहे. परिग्रह सुटला म्हणून कर्म सुटले नाही. गृहस्थाने ही खूणगाठ मनाशी बांधावी.

संग्रह नेमका कोणाचा?

खेळण्यांचा पसारा पाहिला की मोठी माणसे मुलांना हावरट ठरवितात. परंतु चार वर्षांचे मूल बाजारात जाऊन पैसे मोजीत नाही. घरातील प्रत्येक खेळण्याचा इतिहास शोधू गेल्यास त्याच्या मुळाशी एखादे मोठे माणूस सापडते. एक मोटार वडिलांना महिनाभर परगावी राहावे लागले म्हणून आली. एक बाहुली शेजारच्या मुलीकडे तशी होती म्हणून आली. ठोकळ्यांचा संच ‘बुद्धी वाढेल’ या आशेने आला. वाढदिवसाला दहा पाहुणे आले आणि दहा डबे ठेवून गेले. आणि पुष्कळशी खेळणी केवळ एवढ्यासाठी आली, की मूल रडत होते आणि त्याच्याजवळ बसायला त्या घटकेला कोणाला सवड नव्हती.

सोळाव्या अध्यायात (श्लोक १३) आसुरी संपत्तीच्या मनुष्याची मनोवृत्ती भगवंतांनी त्याच्याच तोंडून वदविली आहे: आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, एवढे माझे आहे, आणखी एवढे माझे होईल. ही वाणी मुलाच्या मुखातून ऐकू आली तर आईबाप दचकतात. परंतु ती त्याने कोठे ऐकली? तिसऱ्या अध्यायातील एकविसावा श्लोक सांगतो, की श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर जन वागतात. चार भिंतींच्या त्या लहानशा जगात मुलाला श्रेष्ठ असे आईवडील आणि आजीआजोबाच असतात.

मातीची गाडी

शूद्रक कवीच्या ‘मृच्छकटिक’ या प्रकरणाचे नाव एका खेळण्यावरून पडले आहे. दानशूरपणामुळे निर्धन झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. शेजारी ती गाडी परत नेतो. रदनिका ही दासी मुलाला मातीची गाडी करून देते, परंतु त्याला सोन्याचीच हवी असते. त्याचे रडणे वसंतसेनेला पाहवत नाही. आपल्या अंगावरचे अलंकार उतरवून ती त्या मातीच्या गाडीत घालते आणि त्यांची सोन्याची गाडी करून घे म्हणून सांगते.

या प्रसंगातील वात्सल्य अपूर्व आहे, याविषयी रसिकांत दुमत नाही. परंतु कवीने कथा तेथे थांबविलेली नाही. चारुदत्त ते अलंकार वसंतसेनेला परत देण्यासाठी आपला मित्र मैत्रेय याच्याजवळ देतो. इकडे वसंतसेनेच्या वधाचा खोटा आळ चारुदत्तावर येतो. मैत्रेय न्यायसभेत येऊन आळ घेणाऱ्या शकाराशी भांडू लागतो, आणि त्या गडबडीत त्याच्याजवळचे अलंकार सर्वांसमक्ष खाली पडतात. तेच अलंकार चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात व त्याला वधस्थानी नेण्यात येते. पुढे वसंतसेना जिवंत परत आल्यामुळे तो वाचतो, ही गोष्ट वेगळी.

वसंतसेनेचे प्रेम खोटे नव्हते. परंतु मुलाचे रडणे ताबडतोब थांबावे म्हणून प्रेमाने सोन्याचा मार्ग धरला, आणि ते सोने मुलाच्या पित्याच्या गळ्याशी आले. आजच्या घरात खेळण्यामुळे कोणी वधस्तंभापर्यंत जात नाही. परंतु रडणे थांबविण्यासाठी दिलेल्या वस्तूचे मोल पुढे भलत्याच ठिकाणी चुकते करावे लागते, हा अनुभव घराघरांत आहे.

मातीचा मोर

कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुसरे बालक भेटते. मारीचाच्या आश्रमात शकुंतलेचा पुत्र सर्वदमन सिंहाच्या छाव्याशी झोंबत असतो. त्याने छाव्याला सोडावे म्हणून तापसी त्याला दुसरे खेळणे देऊ करते. ते खेळणे म्हणजे रंगविलेला मातीचा मोर. तोही सर्वदमनाचा नव्हे, मार्कंडेय नावाच्या दुसऱ्या ऋषिकुमाराचा. ज्याने पुढे भरत या नावाने चक्रवर्ती व्हावयाचे, त्याची समजूत एका आश्रमबंधूच्या मातीच्या मोराने पडते. खेळणे एक, आणि तेही वाटून घेण्याचे.

ही रीत केवळ काव्यातली नव्हे. दक्षिण भारतात नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्याला तमिळ घरांत कोलू म्हणतात. उत्सव संपला की त्या बाहुल्या वस्त्रांत गुंडाळून पेटीत ठेवतात, त्या पुढच्या वर्षापर्यंत. वर्षभर दृष्टीआड राहिल्यामुळेच त्यांचे दर्शन दर वर्षी नवे वाटते. महाराष्ट्रात दिवाळीला मुले दारात मातीचा किल्ला करतात. दिवाळीनंतर किल्ला मोडतो, मावळे मात्र डब्यात जातात. वस्तूला विश्रांती असते, ही गोष्ट या देशातील घरांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

चुकलेला त्याग

आता पुन्हा त्या कल्पिलेल्या घराकडे वळू या. आजीचा पाय दुसऱ्यांदा ठोकळ्यावर मुरगळला आणि आईच्या सहनशीलतेचा अंत झाला. मुले शाळेत गेली असता तिने मोठे पोते घेतले आणि दोन तासांत खाटेखालचे, कपाटावरचे, गच्चीपाशीचे सर्व त्यात भरले. घरकाम करणाऱ्या बाईंना ती म्हणाली, “तुमच्या मुलीला घेऊन जा हे.” बाईंनी आत काय आहे ते पाहिलेही नाही, नको म्हणण्याची सोय नव्हती. घर एकदम मोकळे झाले. आईला वाटले, आज खरा त्याग घडला.

मुलगी शाळेतून आली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “आई, ठमी कुठे आहे?” ठमी म्हणजे आजीने आपल्या जुन्या लुगड्याची करून दिलेली चिंधीची बाहुली. एक डोळा निघालेला, पाय उसवलेला. आई म्हणाली, “ती फाटली होती गं. आता तू मोठी झालीस.” मुलगी रडली नाही. त्यामुळे आईला बरे वाटले. परंतु आठ दिवसांनी दप्तर धुवायला काढले तेव्हा त्याच्या तळाशी आईला एक तुटके चाक, दोन ठोकळे, बांगडीचा तुकडा आणि आजीच्या लुगड्याची एक चिंधी सापडली. ज्या मुलीला आजवर कोणत्या वस्तूची फारशी ओढ नव्हती, ती आता चिंध्या लपवू लागली होती.

अपरिग्रहाच्या नावाने त्या दिवशी घरात परिग्रहाचे बीज पेरले गेले. तिसऱ्या अध्यायात (श्लोक ६) भगवंतांनी हाताने विषय सोडून मनाने त्यांचेच चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. मोठा मनुष्य स्वतःच्या दंभाने मिथ्याचारी होतो. बालकाला मात्र बळजबरीने त्याग करावयास लावून दुसरेच त्या वाटेला लावतात. आणखीही एक दोष येथे घडला. अपरिग्रहाच्या बरोबरीने पतंजलींनी यमांत अस्तेय सांगितले आहे. मुलीची वस्तू तिला न विचारता देऊन टाकणे हे दान नव्हे. ज्याची वस्तू नाही त्याला ती देण्याचा अधिकार नाही, मग घेणारा गरीब असो की नसो.

त्यागाची तीन रूपे

अठराव्या अध्यायाच्या सातव्या, आठव्या व नवव्या श्लोकांत त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. हे श्लोक वस्तूंविषयी नसून कर्माविषयी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. ते दुःखदायक आहे म्हणून, शरीराला कष्ट पडतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. त्याने त्यागाचे फळ मिळत नाही. आणि कर्तव्य म्हणून नियत कर्म करीत राहणे, पण त्यातील आसक्ती व फळाची अपेक्षा सोडणे, हा सात्त्विक त्याग.

आता या घरातील नियत कर्म कोणते? घर चकचकीत ठेवणे हे नव्हे. मुलांचे संगोपन हे आईवडिलांचे नियत कर्म आहे. त्यांच्याशी बोलणे, त्यांचे ऐकणे, त्यांच्या रडण्यापाशी थोडा वेळ बसणे. ही कसोटी लावली की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. रडणाऱ्या मुलापाशी बसण्याचा कंटाळा आला म्हणून त्याच्या हाती नवी मोटार दिली, त्या दिवशीच राजस त्याग घडला. तेथे सोडले गेले ते कर्तव्य, आणि त्याच्या जागी वस्तू आली. पुढे त्या वस्तूंचा ढीग झाला आणि त्याचाही त्रास होऊ लागला. तेव्हा मुलीला जवळ घेऊन निवडानिवड करण्याचे कष्ट टाळून सर्व पोत्यात भरले, तोही राजस त्यागच. घेणे आणि टाकणे ही दोन्ही एकाच मुळातून आली. म्हणून घर रिकामे केले तरी तीन महिन्यांत ते पुन्हा भरते. मूळ जागच्या जागी असते.

सात्त्विक मार्ग याहून अवघड आहे आणि सोपाही आहे. कर्म सोडावयाचे नाही. मुलांना दिलेला वेळ वाढवावयाचा. सोडावयाची ती आसक्ती: ‘माझ्या मुलाजवळ सर्वांहून अधिक असावे’ ही, आणि फळाची अपेक्षा: ‘मी इतके दिले, आता त्याने शहाण्यासारखे वागावे’ ही. सुखाच्या प्रकारांविषयीही याच अध्यायात (श्लोक ३७–३८) सांगितले आहे, की सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते आणि राजस सुख याच्या उलट. नवे खेळणे उघडण्याचे सुख आणि मुलाच्या कंटाळ्यापाशी धीराने बसण्याचे सुख, या दोहोंत हा भेद कोणालाही पडताळून पाहता येईल.

आचरणाचा क्रम

पहिली पायरी मोठ्यांनी आपल्या संग्रहाला हात घालण्याची. वडिलांच्या कपाटातील बंद घड्याळे, आईच्या पेटीतील कधीच न नेसलेली वस्त्रे, माळ्यावरची न वापरलेली भांडी. मुलांच्या देखत, न बोलता, मोठ्यांनी आपल्या वस्तूंतून अनावश्यक ते बाजूला काढावे. येथे उपदेशाची आवश्यकता नाही.

दुसरी पायरी मुलांसह बसण्याची. एका वेळी एकच टोपली घ्यावी. मुलाला विचारावे, आणि त्याचे उत्तर मानावे. प्रत्येक मुलाची एखादी जीव जडलेली वस्तू असते. ती कितीही फाटकी असली तरी तिच्याविषयी चर्चाच करू नये. आसक्ती पिकून आपोआप गळते. ओढून काढली तर जखम राहते.

तिसरी पायरी विभागणीची. जे दुरुस्त होईल ते मुलांच्या मदतीने दुरुस्त करावे. जे पूर्ण मोडले ते टाकावे. त्यातील बॅटऱ्या आधी काढून घ्याव्यात, कारण बटणासारखी लहान बॅटरी बालकाने गिळल्यास जिवावर बेतते. जे चांगले पण अधिक आहे त्याचे दोन भाग करून एक भाग पेटीत ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पालटावा. कोलूतील बाहुल्यांची रीत ती हीच.

चौथी पायरी दानाची. सतराव्या अध्यायात (श्लोक २०–२२) देश, काळ व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक, आणि अनादराने व तुच्छतेने दिलेले दान तामस म्हटले आहे. मोडके रूळ आणि भुशाचे फाटके अस्वल गरिबाच्या घरी पाठविणे म्हणजे आपला केर त्याच्या दारी टाकणे. जे आपल्या मुलाच्या हाती नि:संकोच देता येईल तेच दुसऱ्याच्या मुलाला द्यावे; स्वच्छ धुऊन, सर्व भाग पुरे करून. घेणाऱ्याला आधी विचारावे, आणि त्याला ‘नको’ म्हणता येईल अशा रीतीने विचारावे. बालवाडीला देणे असेल तर तेथील बाईंना कशाची गरज आहे ते जाणून घ्यावे.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि ती रोजची आहे. रिकाम्या झालेल्या जागेत माणसाने येऊन बसावे. सागरगोटे, लगोरी, भेंड्या, भातुकली यांना दुकान लागत नाही. लगोरीलाच उत्तरेकडे पिट्टू म्हणतात; तमिळ घरांत चिंचोक्यांनी पल्लांकुळी खेळतात. प्रांताप्रांतांची नावे वेगळी, पण या खेळांना एक वस्तू निश्चित लागते, ती म्हणजे दुसरा खेळगडी. रोज अर्धा तास तरी तो गडी घरातील मोठे माणूस असावे, आणि त्या वेळेपुरता दूरध्वनी बाजूला राहावा.

शंका-समाधान

*शंका:* इतर मुलांजवळ पुष्कळ खेळणी आणि आपल्या मुलांजवळ थोडी, यामुळे मुलांच्या मनात न्यूनता येणार नाही काय?

*समाधान:* रोहसेनालाही सोन्याच्या गाडीचे दुःख झालेच. ते दुःख खोटे आहे असे मुलाला सांगू नये; ते ऐकून घ्यावे. न्यूनता वस्तूंच्या संख्येने येत नाही, घरातील मोठी माणसे स्वतःला शेजाऱ्याशी मापू लागली म्हणजे येते. जे घर आपली साधी राहणी लाजेने झाकीत नाही, त्या घरातील मूलही ती झाकीत नाही.

*शंका:* आजोबा-आजी, मामा, आत्या प्रेमाने वस्तू आणतात. त्यांना नाही कसे म्हणावे?

*समाधान:* आणलेली वस्तू नाकारून वडीलधाऱ्यांचे मन दुखवू नये. परंतु सण येण्यापूर्वी नम्रपणे सुचविता येते, की मामांनी मुलांना एक दिवस नदीवर न्यावे, आजोबांनी एक गोष्ट लिहून द्यावी, सर्वांनी मिळून एकच चांगली वस्तू द्यावी. प्रेम व्यक्त करण्याला दुसरी वाट दाखविली तर बहुतेक वडीलधाऱ्यांना ती आवडते.

*शंका:* सर्वांनीच खेळणी घेणे सोडले तर कारागिरांनी काय करावे?

*समाधान:* अपरिग्रह म्हणजे काहीच न घेणे नव्हे. सावंतवाडी, चन्नपट्टण, कोंडापल्ली, वाराणसी येथील कारागिरांनी घडविलेले एक लाकडी खेळणे दोन भावंडांना पुरते आणि पुष्कळदा पुढच्या पिढीच्या हाती जाते. आठ दिवसांत मोडणाऱ्या दहा वस्तूंऐवजी अशी एक घेतल्याने कारागिराचे हित होते आणि घराचेही.

*शंका:* इतक्या लहान मुलांना अपरिग्रह कसा शिकवावा?

*समाधान:* भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बालक आहे. मान-अपमान आणि घरादाराची चिंता नसलेले ते मूल आपल्यातच रमलेले असते. तेव्हा शिकविण्यापेक्षा न बिघडविण्याची काळजी अधिक घ्यावी.

उपसंहार

त्या घरातील आईने दप्तरातील चिंधी पाहिली आणि तिला सारे उमगले. ती बाईंच्या घरी गेली. दहा फुटांच्या खोलीत ते पोते निम्मे भरलेले तसेच कोपऱ्यात अडचण करून उभे होते. बाईंची धाकटी मुलगी ठमीला कुशीत घेऊन झोपली होती. आईच्याने बाहुली परत मागवेना. पोत्याविषयी क्षमा मागून, ते आपल्या हातांनी उचलून ती परत आली.

संध्याकाळी तिने मुलीला सर्व सांगितले. “ठमी तुझी होती. तुला न विचारता मी दिली. चूक माझी झाली.” मुलगी काही बोलली नाही. आजीने दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याचा आणखी एक तुकडा काढला. “ही ठमी नाही,” मुलगी म्हणाली. आजी म्हणाली, “नाहीच. ही दुसरी.” आणि मुलगी तिच्याजवळ सुईत दोरा ओवायला बसली. त्या महिन्यात वडिलांनी आपले कपाट उघडले, आईने पेटी उघडली. मुलांना कोणी काही म्हटले नाही. दिवाळीच्या आधी एका रविवारी मुलीने आपण होऊन ठोकळ्यांचा एक संच मोजून, पुसून डब्यात भरला आणि विचारले, “हे त्या मुलीला चालतील का? आधी विचारायला हवं ना?” घरात अजूनही कधी कधी भांडण होते. आईला उशीर झाला की रागही येतो. परंतु दिव्याच्या वेळी देवापाशी जायला वाट मोकळी असते, आणि दप्तराच्या तळाशी आता पुस्तकेच असतात.

अवधूताच्या गुरूंत एक कुमारिकाही आहे. घरी पाहुणे आले असता ती एकटीच भात कांडू लागली, तो हातातील काकणे वाजू लागली. तिने एकेक काकण काढले. दोन उरली तरी आवाज होईना थांबला, तेव्हा प्रत्येक हातात एकच ठेवले. अवधूताने त्यातून एकांताचा बोध घेतला. गृहस्थाने त्याच कथेतून आणखी एक गोष्ट घ्यावी. त्या मुलीने हात उघडे केले नाहीत, आणि कांडणेही थांबविले नाही. जेवढ्याने कामात विक्षेप होतो तेवढेच तिने काढले, आणि आपल्या हातांनी काढले. गृहस्थाश्रमातील अपरिग्रहाची मर्यादा ती हीच.

स्वाध्यायासाठी

१. अध्याय १८, श्लोक ७ ते ९ यांचा अर्थ कुटुंबात एकत्र वाचावा. या आठवड्यात कोणती वस्तू कर्तव्याच्या जागी आणली गेली, याचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करावा.

२. अध्याय १७, श्लोक २० ते २२ वाचून मागील वर्षी घरातून दिल्या गेलेल्या एका वस्तूचे स्मरण करावे. ती आदराने दिली होती काय?

३. एक महिना घरात नवे खेळणे आणू नये. त्याऐवजी रोज अर्धा तास मुलांबरोबर खेळावे. महिन्याच्या शेवटी, अधिक अवघड काय गेले, मुलांना खेळण्यावाचून राहणे की मोठ्यांना तो अर्धा तास देणे, याचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥